छोट्या जाहिरातीतले दोन शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारी पेपर आला की मी आधी ‘भाड्याने देणे आहे’चं पान उघडतो, रिटायर झाल्यापासून ही सवयच लागलीय. परवा सहज पेन घेऊन खुणा करत बसलो तर तीन जाहिरातींत ‘फक्त शाकाहारी’, दोनांत ‘फक्त फॅमिली’ आणि एकीत तर ‘बॅचलर्सनी फोन करू नये’ असा दमच दिलेला.

या शब्दांचा खरा अर्थ मला चांगला माहितीय कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, एक-दोन नाही, सहा वर्षं. शाकाहारी म्हणजे स्वयंपाकघरात काय शिजतं एवढंच नसतं हो, कोण दारातसुद्धा यायला नको ते न बोलता सांगायची ती सोय आहे. फोनवर एजंट आधी विचारतो माणसं किती, मग विचारतो आडनाव, आणि आडनाव ऐकलं की ‘ओनरशी बोलून कळवतो’, की संपलं.

आमच्याच बिल्डिंगमधली गोष्ट सांगतो. एक नवराबायको फ्लॅट बघून गेले, ओनरला पसंत, टोकन दिलेलं, बाई दुसऱ्यांदा आली ती पडद्यांचं माप घ्यायला टेप घेऊन. त्याच दिवशी फॉर्मवरचं नाव चेअरमनने वाचलं आणि रात्री मला फोन, की वातावरण बिघडेल, काहीतरी कारण काढा. मी लेटरहेडवर लिहिलं की पाणीटंचाईमुळे सध्या नवीन भाडेकरू घेता येत नाही. सही माझी. दीड महिन्यात त्याच फ्लॅटमध्ये पाच जणांचं कुटुंब आलं आणि पाणी काही कमी पडलं नाही. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, नुसतं कळवायचं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा केवढा गदारोळ झाला, मीही तावातावाने फॉरवर्ड करत होतो, आणि करता करता ते पाणीटंचाईचं पत्र आठवलं. मराठी म्हणून नाकारलं की आपलं रक्त खवळतं, आणि आपला फ्लॅट द्यायची वेळ आली की आपणच आडनाव विचारतो.

कायदा काय म्हणतो ते मग मी शोधत बसलो. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, राहत्या घराचा नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी चालवून घेतला. बरं, असा कायदा आपल्याला लिहिता येत नाही असंही नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून घर घेण्या-राहण्यात आडकाठी केली तर १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा, दोन्हींत राहण्याचा, विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. मग धर्म, एकटी बाई, बाहेरगावची पोरं यांच्यासाठी का नाही? २०२१ चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट, म्हणजे केंद्राने राज्यांना दिलेला भाडेकरू कायद्याचा नमुना, घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको इथवर बारकाईने जातो पण या विषयावर गप्प आहे.

आणि कायदा असला तरी सिद्ध कसं करणार? तोंडी नकाराचा पुरावा नसतो, माझ्यासारखे सेक्रेटरी तर पाणीटंचाई लिहितात. लेखी सापडतं ते एकाच ठिकाणी, जाहिरातीत.

अमेरिकेत घर देताना वंश-धर्म बघून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने जाहिरातीलाही धरलंय, ते मला फार पटलं. मालक स्वतः राहत असलेलं चार बिऱ्हाडांपर्यंतचं घर असेल तर भाडेकरू निवडताना त्याला बरीच सूट आहे (एखाद्या आजीला स्वतःच्या घरातली एक खोली द्यायची तर तिची धास्ती मलाही कळते) पण तसं छापायला मात्र मनाई. मेरीलँडमधल्या एका छोट्या पेपरने ‘गोऱ्यांचं घर’ अशा अर्थाची तळघरातल्या खोलीची जाहिरात छापली, मालकाला ती सूट लागू होती, तरी १९७२ मध्ये अपील कोर्टाने जबाबदार धरलं ते पेपरवाल्याला! जाहिरातदाराचा मजकूर आम्ही नुसता छापला, हे कोर्टात चाललं नाही. पुढे १९८८ मध्ये त्या कायद्यात लहान मुलं असलेली कुटुंबं आणि दिव्यांगही आले.

आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल, पण आपल्या पेपरचं पान तर आपल्याच हातात आहे ना? जाहिरात घेणाऱ्या काउंटरवर एवढंच सांगा की घर किती मोठं, कुठल्या मजल्यावर, भाडं किती, लिफ्ट आहे का ते लिहा, माणूस कसला हवा ते छापणार नाही. दोन-चार जाहिराती कमी येतील, मान्य आहे.

पुढच्या महिन्यात माझा वरचा फ्लॅट रिकामा होतोय. गेल्या वेळी आपल्याकडेच दिलेल्या जाहिरातीत मी ‘फक्त फॅमिली’ लिहिलं होतं. या वेळचा मजकूर सोबत जोडलाय, त्यात ते दोन शब्द नाहीत, तेवढे पैसे कमी लावा.

आपला,
एक माजी सेक्रेटरी