अत्यावश्यक म्हणजे नक्की काय काय?

संपादक साहेब,

पुन्हा कधी साथ आलीच तर लॉकडाऊनमध्ये काय चालू राहणार त्या 'अत्यावश्यक'ची यादी आधीच नीट करून ठेवा एवढंच सांगायचंय. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांमध्ये किराणा, भाजी सकाळी 7 ते 11 एवढंच ठेवलं होतं, म्हणजे दिवसभर विखुरलेली गर्दी चार तासांत रविवार कारंजाच्या बाजारात गोळा, आता याने चेन कशी ब्रेक होणार ते ठरवणाऱ्यांनाच माहीत. शेतीला सूट होती, चांगलंच झालं, पण एप्रिलात इकडे निफाड-दिंडोरीला द्राक्षाची खरड छाटणी (हंगाम संपल्यावरची वेलीची छाटणी) असते, बागेला पाणी लागतं आणि नेमकी मोटर जळली तर रिवाइंडिंगवाला शटर अर्धं उघडायलाही घाबरायचा, कारण यादीत त्याचं नाव शोधून सापडायचं नाही आणि चौकातल्या पोलिसाला तरी काय कळणार, तो पण वैतागलेला. सातपूर-अंबडच्या कंपन्यांना कामगार आतच राहायची सोय केली तर चालू ठेवता येत होतं, मोठ्यांना जमलं असेल, पाच माणसांच्या वर्कशॉपवाल्याने कुठे झोपवायचं? यादी करताना एक मेकॅनिक, एक शेतकरी, एक छोटा कारखानदार जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसवा, आणि दुकानांच्या वेळा कमी नका करू, उलट वाढवा.

– एक वाचक, सिडको, नाशिक