कमानीवर बिगूलच काढा

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गावातून लष्कराच्या मराठा लाईट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटमध्ये गेलेल्यांसाठी उभारताय त्या कमानीच्या चित्राचा फोटो मिळाला. पेंटरचा हात चांगला आहे. फक्त रेजिमेंटच्या चिन्हातल्या बिगुलाच्या जागी त्याने तुतारी काढलीय, आणि कमिटीला ती आवडलीय म्हणे, म्हणून घाईने लिहितेय. बिगूलच काढायला सांगा.

"बिगूल इंग्रजांचा, तुतारी आपली" हे ऐकायला बरं वाटतं. पण मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या चिन्हात दोन तलवारी आणि ढालीबरोबर बिगूल आला, तो त्या 'लाईट' शब्दामुळे. हे पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत लढणारं नव्हे. मुख्य फौजेच्या पुढे पांगायचं, झाडाझुडपाचा आडोसा धरायचा आणि झटकन जागा बदलायची. पांगलेल्या माणसांपर्यंत साहेबाचा आवाज पोचत नसे, म्हणून हुकूम बिगुलावर दिला जाई. आपल्या डोंगरातल्या माणसांना ही लढाई फारशी शिकवावी लागली नसेल. इथे बेळगावात रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरची पोरं कवायत करताना दिसतात, त्यांची चालही इतर पायदळापेक्षा जलद. शिवाय सातारा जिल्ह्यात कमानीवर तुतारी दिसली की लोक आधी पक्ष विचारणार, आणि आचारसंहिता लागली की कमानीला कापड गुंडाळावं लागणार!

कमानीवर स्थापनेचं साल 1768 लिहायचं की 1922, हा कमिटीतला वाद मात्र खोटा आहे, दोन्ही बाजू बरोबर आहेत. पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण, 1768 साली मुंबईत उभी राहिली. वेगवेगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या त्या 1922 मध्ये, आणि सेंटर बेळगावला आलं. कमानीवर 1768 लिहा. ती पलटण ईस्ट इंडिया कंपनीने उभी केली होती आणि पुढच्याच काही वर्षांत कंपनी मराठ्यांशी लढली, हे कुणी काढलं तर काढू द्या. खरंच आहे ते.

ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस' आणि खाली रणघोषणा, 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. ही घोषणा रूढ झाली 1941 साली, आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत. पण मला ती आठवते नामदेव जाधवांमुळे. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा साधा शिपाई. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून एकेक करून अलीकडे आणलं. मग एकटेच परत गेले आणि शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर चढून हीच घोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. आपले आबाही त्याच सुमारास इटलीत होते, पण घरी बोलायचे ते फक्त तिथल्या थंडीबद्दल.

म्हणूनच सांगते, खांबांवर पुढाऱ्यांचे फोटो नकोत. गावातून पलटणीत गेलेल्यांची नावं लिहा, हुद्द्याप्रमाणे नको, भरतीच्या सालाप्रमाणे. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. एकदा कमिटीला गाडी करून तिकडे नेऊन आणा, मग फोटोंचा आग्रह राहणार नाही.

आई, आबांच्या टोपीचा बिल्ला पेंटरच्या ताब्यात देऊ नकोस. त्याला घरी बोलाव, चहा दे, समोर बसून मापं घेऊ दे. आणि चिंच लावून घासूबिसू नकोस गं, कडा आधीच झिजल्यात.

बाबा, तुम्ही परांचीवर चढून रंग दाखवत होता असं दादाने सांगितलं. गुडघ्याचं दुखणं विसरलात वाटतं. खाली खुर्ची टाकून बसा आणि तिथून ओरडा, तेवढा आवाज आहे अजून. टोपीवरच्या तुऱ्याचे रंग लाल आणि हिरवा, भगवा नाही, हेही त्याला आत्ताच सांगा. पक्का रंग लावायच्या आधी फोटो पाठवा.

तुमची,
सुमा