खालच्या ओळी पण तुझ्याच आहेत

अरे राजा,

काल फोनवर म्हणालास की आपला माणूस प्राइमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) पडला, आता नोव्हेंबरात मी काय मत देत नाही, आणि पुढच्या मिनिटाला भूक लागली म्हणून फोन ठेवून मोकळा झालास, मग माझं राहिलं ते इथे टाइप करतेय. ऊन्हातान्हात लोकांची दारं वाजवत फिरलास, राग येणारच. कुणाला दे ते मी सांगणार नाही, तुझ्या बाबांना पण आजवर सांगितलं नाही (त्यांना वाटतं त्यांचं ते ठरवतात).

२०१६ ला तू लहान होतास. मिशिगनची डेमोक्रॅटिक प्राइमरी बर्नी सँडर्स जिंकले पण देशात हिलरी क्लिंटनकडून हरले, आणि नोव्हेंबरात आपल्या राज्यात ट्रम्प आणि क्लिंटन यांच्यात फरक पडला फक्त १०,७०४ मतांचा. त्याच वेळी ७५ हजारांच्या आसपास बॅलटवर (मतपत्रिकांवर) प्रेसिडेंटसाठी मतच नव्हतं! कुठल्या बाजूचे होते कुणास ठाऊक, दोन्हीकडचे वैतागलेले असतील. पण कोऱ्या ओळीतला राग कुणाला वाचता येत नाही रे, उरलेल्यांच्या मतांवर निकाल लागतो आणि विषय संपतो.

दुसरं म्हणजे आपले बेळगावचे श्री ठाणेदार. २०१८ ला गव्हर्नरच्या प्राइमरीत उभे होते, स्वतःच्या खिशातले कोटीच्या वर डॉलर घातले आणि तिसरे आले, व्हिटमर जिंकल्या. आपल्या मराठी लोकांत तेव्हा बऱ्याच जणांचा इंटरेस्टच संपला, मराठी माणूस नाही तर आपलं काय काम. पण त्याच नोव्हेंबरच्या बॅलटवर प्रपोजल २ होतं, म्हणजे लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव, की मतदारसंघ आमदारांनी आखायचे नाहीत, साध्या नागरिकांच्या कमिशनने आखायचे. ते पास झालं. त्या कमिशनने नवीन नकाशा काढला आणि २०२२ ला त्या नकाशातल्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून कोण गेलं, तर ठाणेदारच. तुला ते पटत नाहीत माहितीये, मुद्दा तो नाहीये. प्रपोजल ३ पण त्याच दिवशीचं, आज तू कारण न सांगता घरबसल्या मत देऊ शकतोस ते त्याच्यामुळे.

आपल्याकडे भारतात प्राइमरी नाहीच, तिकीट वरून ठरतं, नाही मिळालं की बंडखोरी करून अपक्ष फॉर्म भरायचा. २०२४ ला सांगलीत विशाल पाटील असेच उभे राहिले आणि खासदार झाले, मामा तर आठवडाभर त्यावरच बोलत होता. इथे प्राइमरी हरल्यावर तो रस्ता जवळपास बंदच, म्हणून तुमची चिडचिड जास्त होते असं मला वाटतं.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या युनिव्हर्सिटीचे रीजंट, म्हणजे तिचा कारभार बघणारे, लोक निवडतात, अख्ख्या राज्यातून, आठ आठ वर्षांसाठी. तुझी ट्यूशन फी ते ठरवतात, युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट कोण नेमायचा ते पण तेच. दर फीवाढीला तू मला केवढे मोठे मेसेज टाकतोस! आणि ही नावं बॅलटवर कुठे असतात तर पार खाली, जिथपर्यंत बरेच लोक कंटाळून जातच नाहीत. त्यांच्याखाली जज, मग स्कूल बोर्ड, कधी लायब्ररीचा टॅक्स. सगळ्यात वरच्या ओळीवर रुसला असशील तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

बॅलट मेलने मागवलं असशील तर दोन्ही बाजू बघ, मागे पण छापलेलं असतं. एनव्हलपवर सही करायची, लायसन्सवर आहे तशीच, तुझ्या त्या नवीन स्टाइलची नको. आणि शेवटच्या दिवशी रात्री आठच्या आत क्लार्ककडे (गावातल्या निवडणुकीचं बघतो तो) पोचायला हवं, पोस्टात टाकलं एवढं पुरत नाही, तेव्हा उशीर झाला तर सरळ ड्रॉप बॉक्समधे नेऊन टाक. रीजंटला कोण उभं आहे ते वाचलंस की मला पण सांग, मला त्यातली दोन नावं अजिबात माहिती नाहीत.

आई