करवतीचे सीसी सगळे विचारतात, दोर कोणी विचारत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात दरवर्षी त्याच बातम्या सुरू होतात, अमुक रस्त्यावर फांदी पडली, तमुक सोसायटीचा छाटणीचा अर्ज अजून टेबलावरच आहे, आणि त्याच सुमारास मला फोन यायला लागतात की झाडं कापायचं कुठलं मशीन, म्हणजे चेनसॉ, घेऊ. मी दापोली-मंडणगड भागात झाडं छाटायची, पडलेली उचलायची कामं घेतो, म्हणून लोकांना वाटतं याला विचारावं. प्रश्न ठरलेला, किती सीसीचं घेऊ आणि बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, किती इंची. झाडावर चढायला दोर कुठला घेऊ असं आपणहून कोणी विचारत नाही. मशीनला बिघाड झाला तर काम थांबतं, दोराला झाला तर माणूस खाली येतो, तरी विचारत नाहीत. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, छापताना कापलंत तरी चालेल पण दोराचा भाग ठेवा.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे माड, सुपारी, आंबे, फणस असे आडवे झाले की घराकडे जायला वाट उरली नव्हती, त्यातनं सावरतोय तोवर पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्याआधी चेनसॉ दिसायची ती वखारीत नाहीतर फॉरेस्टवाल्यांकडे, आता प्रत्येक वाडीत एखादी आहेच. मशीन आलं पण त्याच्याबरोबर यायला हवं होतं ते बाकीचं सामान काही आलं नाही.

मशीनचं आधी सांगून टाकतो. ऑनलाइन पाच-सहा हजारात ‘५८ सीसी, २२ इंच’ म्हणून जे मिळतं ते घेऊच नका असं मी सरसकट म्हणणार नाही, जमिनीवर पडलेल्या लाकडाचे तुकडे करायला वर्षातनं दोन-चार दिवस लागणार असेल तर लोक चालवतात आणि त्याचे पार्ट तालुक्याच्या बाजारातही मिळतात हे मान्य. पण बॉक्सवर ५८ लिहिलंय म्हणून आत ५८ असेलच असं नाही, आणि मुळात फांद्या छाटायला २२ इंची बार हवाच कशाला? नऊ-दहा इंची फांदीला १४ नाहीतर १६ इंची बार आणि ३० ते ४५ सीसीचं मशीन भरपूर झालं, स्टिल कंपनीचं एमएस १८० मॉडेल तर ३२ सीसीच्या आतलंच आहे आणि बाग-घरच्या कामाला पुरतं. आंब्याचा जुना बुंधा आडवा कापायचा असेल तर ७० सीसीचं लागतं, पण ते भाड्याने आणा नाहीतर ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलवा. लांब बारचं टोक दिसत नाही तिथे जाऊन टेकतं, आणि टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की चेन लाकूड कापायच्या ऐवजी लाकडावर चढते आणि सगळं मशीन उसळून तोंडाकडे येतं, हात काढायला वेळच मिळत नाही. किकबॅक म्हणतात तो हाच.

म्हणून दुकानात गेलात की मशीन चालू करून मागा. रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे, नुसतं इंजिन फटफटत राहिलं पाहिजे. मग मशीन दोन्ही हातात धरून रेस द्या आणि पुढचा गार्ड मनगटाने पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली तर ब्रेक चांगला, फिरत फिरत थांबली तर ते मशीन परत ठेवा. मागच्या मुठीवरची खटकी तळव्याने दाबल्याशिवाय रेस दबता कामा नये. चेन तुटली तर अडवायला बारच्या मुळाशी खाली एक छोटा हूक असतो, तो आहे का बघा, स्वस्तातल्या मशीनला कधी नसतोच. नंतर बारचं टोक पांढऱ्या कागदाच्या वर थोडं अंतर ठेवून धरा आणि रेस द्या, कागदावर तेलाची रेघ उठली तर ऑइल पंप चालू आहे. ह्या सगळ्याला पाच मिनिटं लागत नाहीत. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा, कारण आज चालू करून दाखवत नाही तो उद्या रिपेअर काय करून देणार.

स्टिल किंवा हस्कवर्ना घेणार असाल तर बिल आणि सीरियल नंबर जुळवून, डीलरकडूनच घ्या. गाडीतनं दारावर विकायला येतात, रंग तोच, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, ते खरं नसतं. डीलरला एकच विचारायचं, या मॉडेलची चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), क्लच आणि एअर फिल्टर आत्ता दुकानात आहे का, ‘मागवून देतो’ म्हणाला तर जूनमध्ये झाड घरावर पडलेलं असताना तुम्ही पार्सलची वाट बघत बसणार. चेनबरोबर तिच्याच मापाची गोल कानस घ्या, चेनवर इंचात माप असतं, लो प्रोफाइल ३/८ ला ४ मिलिमीटरची, .३२५ ला ४.८ची, एकाच कानशीने सगळं घासणारे चेनची वाट लावतात. धार आहे तोवर छिलके उडतात, पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं गेली, मग माणूस जोर लावायला लागतो आणि तिथेच घात होतो. आणि गाडीचं काढलेलं काळं ऑइल बारला घालायचं बंद करा, त्यातल्या कचऱ्याने पंप चोंदतो.

वरच्या बाजूला मूठ असलेलं छोटं मशीन येतं, एका हाताने धरता येतं म्हणून सगळ्यांना आवडतं. ते झाडावर दोराला बांधून घेऊन काम करणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहे आणि त्यानेही दोन हातानेच चालवायचं असतं. घरच्या बागेला ते घेऊच नका.

आता दोर. आपल्याकडे चढणारा कसा चढतो बघा, कमरेला काथ्याची नाहीतर हार्डवेअरवाल्याकडची पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी, पायात काही नाही, डोक्याला टॉवेल, आणि वर गेल्यावर खालून दुसऱ्या दोरीला बांधून चालू मशीन वर ओढतात! ती प्लास्टिकची दोरी उन्हात राहून ठिसूळ होते, तिचे केस निघालेले हाताला टोचतात, तरी ‘गेल्या वर्षीचीच आहे’ म्हणून तीच. चढायचा दोर वेगळा असतो, आत गाभा आणि बाहेरून विणलेलं आवरण, ११ ते १३ मिलिमीटर जाड, त्याच्या टोकाला किंवा लेबलवर ईएन १८९१ टाइप ए लिहिलेलं असतं, ईएन म्हणजे युरोपचं मानक. पुण्या-मुंबईत सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी ट्रेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत तिथे हा मिळतो, फक्त मागताना स्टॅटिक सांगायचं, कारण कडा चढणाऱ्यांचा डायनॅमिक दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो, त्यावर लटकून काम करायला गेलात तर पाळण्यात बसल्यासारखं वरखाली होत राहता. तिथलाच पातळ ट्रेकिंगचा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, तोही घेऊ नका, त्याला कमरेच्या दोन बाजूंच्या कड्या नसतात आणि अर्ध्या तासात मांड्या बधिर होतात.

हार्डवेअरच्या दुकानात ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणून मिळतो त्याचं पण सांगतो. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस चांगली वस्तू आहे, पण तो बांधकामावरच्या माणसाला पडताना अडवायला केलेला, त्याची मुख्य कडी पाठीवर. झाडावर माणसाला पुढून आणि कमरेतून बसून काम करायचं असतं. नुसता कमरेचा पट्टा तर अजिबात नको, पडला तर पोटात आवळतो आणि माणूस उलटा होतो. बसायचा हार्नेस ईएन ८१३ आणि बाजूच्या कड्यांसाठी ईएन ३५८, हे दोन आकडे लेबलवर एकत्र दिसले पाहिजेत. हूक म्हणजे कॅराबिनर, तो नुसता स्क्रूचा नको, आपोआप लॉक होणारा, उघडायला तीन हालचाली लागणारा घ्या, फांदीला घासून स्क्रू सुटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापताना माणूस दोन जागी बांधलेला असला पाहिजे, एक वरून आलेला दोर आणि दुसरी कमरेभोवतून खोडाला घातलेली छोटी दोरी, ती आत तारेचा गाभा असलेली मिळते. ताणलेल्या दोराला चालू चेन नुसती लागली तरी दोर राहत नाही. तारेची दोरीसुद्धा चेनने कधीच तुटणार नाही असं नाही, पण हात आवरायला क्षणभर मिळतो.

दोर घेतला म्हणजे झालं असं नाही. रोज काम सुरू करायच्या आधी तो सगळा मुठीतून सोडायचा, हळूहळू, आणि मध्ये मध्ये वाकवून बघायचं, कुठे मऊ लागला, चपटा लागला, वाकताना एकदम कोन झाला तर आत गाभा गेलाय, वरून कितीही नवा दिसू दे. वितळून चकचकीत झालेला डाग म्हणजे घासून तापलेला. बॅटरीच्या पाण्याजवळ, पेट्रोलच्या कॅनजवळ टेम्पोत टाकायचा नाही, त्याला वेगळी पिशवी. फांद्या खाली सोडायचा दोर आणि माणसाचा दोर हे दोन कधी एक करायचे नाहीत, आमच्याकडे फांदीच्या दोराच्या दोन्ही टोकांना लाल टेप आहे, लाल टेपवाल्यावर कोणी लटकत नाही. जोरात धक्का बसलेला दोर त्याच दिवशी बाद. धक्का नाही बसला तरी पेट्झलसारख्या कंपन्या कापडी सामानाला जास्तीत जास्त १० वर्षं देतात, ती सुद्धा नीट ठेवलं तर.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं हवं, बांधकामावरचं पिवळं वर बघितलं की मागे पडतं. कानाला मफ घ्या, पेट्रोल मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, आमच्या धंद्यातली म्हातारी माणसं ओरडून बोलतात ते उगाच नाही. पायाला चेनसॉची पँट येते, तिच्यात लांब धागे असतात, चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये अडकतात आणि मशीन थांबतं. आपल्याकडच्या उकाड्यात ती घालवत नाही असं सगळे म्हणतात, खरंय, मेमध्ये जीव जातो, मग जमिनीवर काम करणाऱ्याने चॅप्स, म्हणजे फक्त पायांच्या पुढून बांधायची, मागून उघडी पँट घ्यावी, पण नुसत्या बर्मुड्यावर नको.

माडाचं शास्त्र थोडं वेगळं. बुटाला काटे लावून माडावर, सुपारीवर चढू नका, आंबा-फणसाची जखम सालीने भरून येते, माडाला पडलेलं भोक आयुष्यभर तसंच राहतं आणि सोंड्या भुंग्याला आयती वाट मिळते. काटे फक्त जे झाड तोडायचंच आहे त्याला. माडावर चढायला दोन पायांची शिडीसारखी यंत्रं येतात, केरळातलं चेंबेरी जोसेफ मॉडेल बरंच चालतं, नारळ विकास मंडळाने २०११पासून चढणाऱ्यांना त्यावर शिकवायला घेतलं. यंत्र चांगलंच आहे पण घेताना त्याच्याबरोबर खोडाला घालायचा वेगळा बेल्ट मागून घ्या, पाय सटकला तर यंत्र राहतं झाडाला आणि माणूस येतो खाली.

फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे चिपरबद्दल, थोडक्यात, कारण तो एकट्याने परवडत नाही, सोसायटी, बागायतदार गट नाहीतर ग्रामपंचायतच घेते. कंपनी ‘४ इंच’ लिहिते ते सरळ, ओल्या, मऊ फांदीचं, गुलमोहराची वाकडी फांदी किंवा वाळलेली बाभूळ ४ इंची जात नाही. डेमोला स्वतःच्या फांद्या घेऊन जा, आणि माड असतील तर ओल्या झावळ्या न्याच, त्यांचे धागे साध्या चिपरच्या ड्रमला गुंडाळतात आणि मग अर्धा दिवस कोयत्याने सोडवत बसा, झावळ्यांना श्रेडर वेगळा लागतो. ट्रॅक्टरवर चालणारा घेणार असाल तर आपला ट्रॅक्टर किती एचपीचा ते आधी बघा. पाती गावातला लोहार धार लावून देऊ शकेल अशी सरळ आहेत का, तोंड इतकं लांब आहे का की हात आत पोचतच नाही, आणि पोटाने ढकलला तरी फांदी आत ओढणारा रोलर थांबेल असा दांडा आहे का. तो दांडा सारखा लागतो म्हणून काही जण तारेने बांधून ठेवतात, तसं मशीन दिसलं तर तिथे काम करू नका. फांद्या ओढत आणताना त्यात चढणाऱ्याच्या दोराचं शेपूट अडकलेलं नाही ना हे बघणारा एक माणूस हवाच, चिपरने दोर ओढला तर वरचा माणूस दोराबरोबर येतो.

आता तुमच्यामार्फत नगरपालिका, ग्रामपंचायती आणि सोसायट्यांना सांगायचंय. १९७५चा झाडांचा कायदा आहे, २०२१ला तो बदलून ५० वर्षांच्या वरच्या झाडांना हेरिटेज म्हटलं, चांगलं झालं. पण काम देताना दर तेवढा बघतात, सगळ्यात कमी कोणाचा. मी हार्नेस, दोर, दोन माणसं खाली, महावितरणची लाईन बंद करून घ्यायचा दिवस हे सगळं धरून दर देतो आणि शेजारचा काथ्या आणि कोयता धरून देतो, मग काम कोणाला मिळणार ते तुम्हीच सांगा. टेंडरमध्ये एवढंच घाला की काम सुरू व्हायच्या सकाळी दोर, हार्नेस, हेल्मेट जमिनीवर मांडून दाखवायचं, लेबल वाचायचं आणि फोटो काढायचा, आणि वरचा माणूस बेशुद्ध झाला तर त्याला खाली कोण आणि कशाने आणणार ते नावासकट लिहून घ्यायचं. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला फायर ब्रिगेड येईपर्यंत तसाच ठेवता येत नाही, पायातलं रक्त वर यायचं थांबतं आणि थोड्या वेळात जिवावर बेततं, म्हणून चढू शकणारा दुसरा माणूस आणि दुसरा दोर खाली तयार लागतो.

आपला,
एक झाडं छाटणारा, दापोली

ता.क. पेट्रोलबद्दल राहिलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि बऱ्याच चेनसॉच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा घेताना डीलरकडून त्या मॉडेलचं लेखी विचारून घ्या. टू-स्ट्रोक ऑइल चांगलं असेल तर लिटरला २० मिली, मिश्रण लागेल तेवढंच करा, आणि पावसाळ्यानंतर मशीन ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पुढच्या मेमध्ये कार्बोरेटरचा पडदा बदलायला डीलरकडे रांग असते.