तिकिटावर छापलेल्या चुकीच्या प्रवासवेळेबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मुंबई-लंडन परतीच्या तिकिटावरील चुकीची वेळ व अंतर

महोदय,

माझ्या आईचे लंडनचे जाण्या-येण्याचे तिकीट मी तुमच्या संकेतस्थळावरून काढले. त्यावर जाण्याचा प्रवास ५ तास, येण्याचा १३ तास ३० मिनिटे आणि अंतर ४,४८० कि.मी. असे छापले आहे. तिन्ही आकडे चुकीचे आहेत.

विमान मुंबईहून दुपारी १ला सुटून लंडनला संध्याकाळी ६ला पोचते. तुमच्या यंत्रणेने सहातून एक वजा केला आणि मोकळी झाली. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. येताना रात्री ९.३०ला सुटून सकाळी ११ला मुंबई, म्हणजे खरे तास नऊ.

अंतराची गंमत वेगळीच. ४,४८० हे मैल आहेत. किलोमीटर होतात सुमारे ७,२००. पण ४,४८० भागिले ५ केले की ताशी ८९६ येतात, जेट विमानाचा नेहमीचा वेग! एका चुकीने दुसरी झाकली, म्हणून कोणाला शंका येत नाही. खरे अंतर पाच तासांत कापायचे तर ताशी १,४४० लागतील. तसे उडणारे कॉन्कॉर्ड २००३ सालीच बंद झाले.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, "येताना वारा समोरून असतो, म्हणून वेळ जास्त." आम्ही रत्नागिरीची माणसे, वाऱ्याचे आम्हाला सांगू नका. उंचावरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो जाताना समोरून लागतो आणि येताना पाठीशी असतो. तुमचे उत्तर नेमके उलटे आहे.

"सुटण्या-पोचण्याच्या वेळा बरोबर होत्या, मग नुकसान काय?" असेही विचारण्यात आले. आई मधुमेही आहे. पाचच तास म्हणून रात्रभर गाडीने मुंबई गाठून तिला थेट विमानतळावर नेले. नाहीतर दादरला मावशीकडे एक मुक्काम केला असता. संध्याकाळची गोळी उतरल्यावर घेऊ, म्हणून औषधांची पिशवी तिने मोठ्या बॅगेत टाकली, ती बॅग विमानाच्या पोटात गेली. आपल्या घड्याळात रात्रीचे आठ वाजले तरी समोरच्या पडद्यावर लंडन अडीच तास लांब. डब्यातली घावने केव्हाच संपली होती. गोळीशिवाय विमानातले जेवण घ्यावे की उपाशी राहावे, हे कोणाला विचारणार? पोचली तेव्हा तिला धड उभे राहवत नव्हते.

माझ्या मागण्या : परतीचे तिकीट दुरुस्त करून आईच्या प्रवासाआधी पाठवावे. ज्यांनी याच मार्गाचे बुकिंग केले आहे, त्या सर्वांना खरी वेळ कळवावी. तुमचे सेवाशुल्क परत करावे. आणि वाऱ्याचे ते उत्तर लेखी मागे घ्यावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिकिटाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, रत्नागिरी