सांदवाडीतल्या वाढदिवसाबद्दल काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

कुंपणापलीकडून हाक मारली तरी तुम्ही ओ देता. तरीही हे पत्र मी चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, झालेल्या माझ्या मुलाच्या सातव्या वाढदिवसाला तुम्ही जे केले, ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

कापूस विकला गेला होता, पण चुकारा हाती आला नव्हता. तालुक्याच्या गावी हॉल, केक आणि सजावट मिळून ९,००० रुपये सांगितले होते आणि मी उसनवारीच्या विचारात होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "हॉल कायले पाह्यजे वं माय, सांदवाडी हाये ना?" त्या एका वाक्याने माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही झाडू घेऊन आलात. आपण दोघींनी सांदवाडी झाडली, शेणाने सारवली आणि कडुनिंबाच्या फांद्यांना जुन्या साड्या बांधून सावली केली. पानगळीपूर्वी शिवून ठेवलेल्या पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा तुम्ही घरून आणलात आणि वाळलेली पाने तडकू नयेत म्हणून त्यांवर आधी पाणी शिंपडायला सांगितले.

केकची मला सर्वांत जास्त धास्ती होती. दोन वाट्या रव्याला एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी तेल आणि लागेल तसे दूध घालून तुम्ही ते अर्धा तास भिजू दिले व सोडा अगदी शेवटी घातला. जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रेती तापवून त्यावर भांडे ठेवले, झाकण घट्ट बसवले आणि पाऊण तास मंद आच राखली. मधूनच झाकण उघडायला माझा हात जाई, तेव्हा तुम्ही तो धरून ठेवीत होता. शेवटी टोचलेली काडी कोरडी निघाली आणि घरभर पसरलेल्या त्या वासाने मुलगा अंघोळ अर्धी टाकून चुलीपाशी येऊन उभा राहिला. असे दोन केक झाले. बावीस मुलांना लहान लहान तुकडे पुरले आणि आलूपोंगा, म्हणजे बटाट्याची भाजी आणि तळलेले पोकळ पोंगे, तर पोटभर झाला. दहाही बोटांत पिवळे पोंगे घालून एकमेकांना हात दाखवणारी ती मुले अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. फुटक्या कवेलूंच्या सात चकत्या घासून तुम्ही लगोरी मांडलीत आणि अंधार पडेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही खेळाची गरज पडली नाही. साऱ्याचा खर्च साडेआठशे रुपये आला.

परंतु माझे खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. मागच्या वर्षी आमच्या सालदाराची, म्हणजे सालाने शेतावर ठेवलेल्या गड्याची, तिन्ही लेकरे कुंपणाबाहेर उभी राहून वाढदिवस पाहत होती. द्यायला भेट नाही, म्हणून आईने त्यांना आत पाठवले नव्हते. हे मला दिसले नव्हते, पण अंगणवाडीत इतकी वर्षे लेकरे सांभाळलेल्या तुमच्या नजरेतून ते सुटले नाही. या वेळी आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः घरोघरी गेलात आणि प्रत्येक आईला सांगितले, की लेकराला रिकाम्या हातानेच पाठवायचे, भेट आणली तर परत जाईल. ज्यांना भेट सहज परवडते त्यांच्या घरीही तुम्ही तेच सांगितले, म्हणून कोणालाच कमीपणा वाटला नाही. ती तिन्ही लेकरे पहिल्या पंगतीत बसली. औक्षणाच्या वेळी त्यांतली धाकटी मुलगी माझ्या मुलाच्या शेजारी पाटावर बसली, तेव्हा तिलाही कुंकू लावायला तुम्ही मला डोळ्यांनी खुणावलेत. ती खूण मी विसरणार नाही.

भांडी घासताना मी सहज तुमचा वाढदिवस विचारला. शाळेत घालताना गुरुजींनी १ जुलै लिहिली, खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती, असे तुम्ही सांगितलेत आणि गंज घासत राहिलात. काकू, येत्या १ जुलैला पेरणीची घाई असली तरी संध्याकाळी आमच्याकडे यावे. पाऊस असला तर ओसरीत बसू. केक मी करीन, झाकण उघडणार नाही. रिकाम्या हातानेच यावे.

तुमची ऋणी,
कुंपणाअलीकडची शेजारीण