सोंगणीआधी आशाताईंकडे डोळ्याचे मलम हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंधत्व निवारण म्हटले की मोतीबिंदू शिबिराचा फलक आठवतो. पण मोतीबिंदू दोन महिने थांबला तरी शस्त्रक्रियेने नजर परत येते. बुबुळाच्या जखमेला दोन दिवसांचीही सवड नसते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या भातपट्ट्यात सोंगणी-झोडणीला पात घासते, कुसळ उडते आणि बुबुळावर ओरखडा उठतो. त्यात जंतू किंवा बुरशी शिरली की व्रण होतो. तो भरला तरी डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग पडतो, आणि मग आशा उरते ती नेत्रदानातून मिळणाऱ्या बुबुळाची.

नेपाळमधील भक्तपूरला गावातल्याच आरोग्यसेवकांनी यावर उपाय करून पाहिला. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे १ टक्का मलम, दिवसातून ३ वेळा, ३ दिवस. ४४२ ओरखड्यांपैकी ४२४ संसर्गाविना भरले. इजेनंतर १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही.

हेच काम आपल्याकडे गावातल्या आशाताई करू शकतात. त्यांनी ओरखडा ओळखायचा कसा? फ्लुरोसिन या रंगाची कागदी पट्टी सलाइनच्या थेंबाने भिजवून खालच्या पापणीच्या आत टेकवायची, दोन-तीनदा डोळे मिटायला सांगायचे आणि निळ्या उजेडाच्या बॅटरीने पाहायचे. ओरखडा हिरवा चमकतो. मलम तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. ट्यूबचे तोंड पापणीला लागू देऊ नये. मलमाने काही मिनिटे धूसर दिसते आणि ‘औषधाने नजर गेली’ म्हणत लोक दुसऱ्या वेळेला ते लावत नाहीत. हे आधीच सांगून ठेवावे. डोळ्यावर पट्टी बांधू नये. बुबुळावर पांढरा ठिपका असेल, कुसळ रुतले असेल किंवा नजर मंदावली असेल, तर मलमावर भागत नाही. रुग्ण त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवा.

जिभेने कुसळ काढणे, अंगावरचे दूध, मध हे प्रकार आहेतच. त्याहून घातक म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे ‘लाल डोळ्याचे थेंब’. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिले असेल, तर ते स्टिरॉइड. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणूस खूश होऊन पुन्हा खळ्यावर जातो. आत बुरशी फोफावत असते. म्हणून आशाताईने आधी ‘डोळ्यात काय टाकलंत?’ हे विचारावे आणि ती बाटली रुग्णासोबतच पाठवावी.

मलम, पट्ट्या, निळी बॅटरी हे साहित्य महाग नाही. अडचण आहे ती परवानगीची: लेखी आदेश नसताना आशाताई डोळ्यात औषध घालायला धजावणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आरोग्य विभागाने हा आदेश आणि एका दिवसाचे प्रशिक्षण सप्टेंबरअखेर उरकावे. मोतीबिंदूचा रुग्ण शस्त्रक्रियेला नेल्यावर मोबदला मिळतो, तसा तो या कामालाही ठेवावा. सोंगणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते.

– ग्रामीण भागात काम केलेले काही नेत्र चिकित्सा अधिकारी, नाशिक